स्टीअरिंगवरची बटणे नव्या स्टिरिओला कळत नसतील तर

कंपनीचा स्टिरिओ काढून बाजारातला बसवला की स्टीअरिंगवरच्या बटणांची तक्रार ठरावीक रूपांत येते. आपली तक्रार त्यांपैकी कोणत्या रूपातली आहे हे आधी नीट पाहावे, कारण पुढे कुठे शोधायचे ते त्यावरूनच ठरते.

- एकही बटण चालत नाही. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बटण शिकवण्याच्या पडद्यावर जाऊन दाबून धरले तरी काहीच उमटत नाही.
- आवाजाची बटणे चालतात, पण फोन उचलण्याची आणि ठेवण्याची चालत नाहीत. किंवा एका बाजूची चालतात, दुसऱ्या बाजूची नाहीत.
- कोणतेही बटण दाबले तरी एकच काम होते, किंवा आवाज वाढवायला गेले की गाणे पुढे सरकते.
- दिवसा सगळे सुरळीत असते, पण हेडलाइट लावले की बटणे एकमेकांची कामे करू लागतात.
- काहीही न दाबता आवाज आपोआप वाढत जातो. मुंबईत ही तक्रार जून ते सप्टेंबर या काळात जास्त ऐकू येते.
- चाक सरळ असताना बटणे चालतात आणि वळण घेताना बंद पडतात. कधी सोबत हॉर्नही दगा देतो.
- संध्याकाळी शिकवलेली बटणे स्टिरिओ सकाळी विसरलेला असतो.

ही तक्रार घेऊन आलेल्या शेजारीपाजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या गाड्या मी इतक्या वेळा उघडल्या आहेत, की एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो: दोष स्टीअरिंगच्या चाकात क्वचितच असतो. तो बहुधा स्टिरिओच्या पाठीमागे, कपलरांच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगांच्या) गर्दीत, आणि त्यातही अर्थिंगमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या जोडणीत, सापडतो. त्यामुळे चाक उघडण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, आणि तो स्वतः तर अमलात आणूच नये. त्याचे कारण पुढे येईल.

ही बटणे काम कशी करतात

आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, असतो. स्टिरिओ बटणांच्या वायरीवर आतून एका रेझिस्टरमार्फत ३.३ किंवा ५ व्होल्टचा दाब ठेवतो. बटण दाबले की त्या बटणाचा रेझिस्टर वायर आणि अर्थ यांच्यामध्ये येतो व वायरीवरचा दाब ठरावीक प्रमाणात खाली उतरतो. तो आकडा पाहून ‘हे आवाज वाढवण्याचे बटण’ असे स्टिरिओ ओळखतो. त्याला बटण दिसत नाही, व्होल्ट दिसतात. व्होल्टमध्ये थोडीही भेसळ झाली की त्याची ओळख चुकते, आणि वरच्या यादीतल्या बऱ्याच तक्रारी याच एका कारणातून निघतात.

दुसऱ्या जातीच्या गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन आणि स्कोडा, बटणांचा संदेश गाडीच्या संगणकीय जाळ्यातून, म्हणजे कॅन बसमधून, स्टिरिओपर्यंत येतो. अशा गाडीत स्टिरिओच्या मागे रेझिस्टरवाली वायर शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिथे तो संदेश समजून घेणारा कॅन बॉक्स लागतो. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे तिच्या वायरिंगच्या नकाशावरून किंवा त्याच मॉडेलसाठी विकल्या जाणाऱ्या कपलरवरून कळते. कपलरच्या वायरींच्या मध्येच एक छोटी प्लास्टिकची डबी असेल, तर गाडी बहुधा कॅनवाली समजावी.

आधी फुकटातल्या गोष्टी

गाडी उभी असताना, इंजिन सुरू ठेवून आणि हेडलाइट बंद ठेवून बटणे नव्याने शिकवावीत. अँड्रॉइड स्टिरिओमध्ये यासाठी वेगळे ॲप किंवा सेटिंग असते. जुनी नोंद आधी पुसावी, मग एक बटण दाबून धरावे, पडद्यावर त्याचे काम निवडावे, आणि सर्व बटणे झाल्यावर नोंद जतन करावी. जुनी नोंद पुसण्याचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग आधीची चुकीची ओळख तशीच राहते. स्टिरिओचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर किंवा तो रीसेट केल्यावरही ही नोंद पुसली जाऊ शकते. त्यामुळे कालपर्यंत चालणारी बटणे आज सगळी एकदम बंद पडली असतील, तर वायरींना हात लावण्याआधी हे करून पाहावे. शिकवणीसाठी पार्किंगमधली दहा मिनिटे पुरतात. ती सायनच्या वाहतुकीत रांगत असताना करण्याची गोष्ट नाही.

त्यानंतर नुसते निरीक्षण करावे. हॉर्न वाजतो का? इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझतो का? बटणे, हॉर्न आणि एअरबॅग या तिन्हींच्या वायरी स्टीअरिंगच्या चाकापर्यंत एकाच फिरत्या पट्टीतून जातात. तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. बटणांबरोबर हॉर्नही गेला असेल किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहत असेल, तर संशय थेट या पट्टीवर येतो. अशा वेळी इथेच थांबून गाडी अधिकृत वर्कशॉपला न्यावी. हॉर्न नीट वाजत असेल आणि दिवाही विझत असेल, तर पट्टी बहुधा शाबूत आहे असे धरून पुढे जाता येते.

स्टिरिओ कोणत्या कंपनीचा आहे हेही पाहून घ्यावे. अँड्रॉइड स्टिरिओच्या मागे बहुधा ‘की १’ आणि ‘की २’ अशा खुणेच्या दोन वायरी असतात आणि तो गाडीचे रेझिस्टर थेट वाचतो. पायोनियर, सोनी, अल्पाइन यांच्या पुष्कळ स्टिरिओंत मात्र मागे ३.५ मिलिमीटरचे रिमोटचे छिद्र असते, तर केनवुड आणि जेव्हीसी यांच्याकडे त्यासाठी फिकट निळी-पिवळी वायर असते. हे स्टिरिओ आपल्याच कंपनीची रिमोटची भाषा समजतात, गाडीची नाही, म्हणून मध्ये भाषांतर करणारा अडॅप्टर बसवावा लागतो. तो न बसवता गाडीची वायर त्या छिद्रात जोडून दिलेली मी पाहिली आहे. तिथे कितीही वेळा शिकवले तरी काही होणार नसते.

स्टिरिओ बाहेर काढल्यावर

इथून पुढे इग्निशन बंद करून आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवून काम करावे. डॅशबोर्डची फ्रेम धातूच्या पेचकसाने उचकटू नये, प्लास्टिकची पट्टी वापरावी. वाकलेली फ्रेम पुन्हा नीट बसत नाही आणि खड्ड्यांतून जाताना कुरकुरत राहते. पुढच्या ज्या तपासण्या चालू विजेवर करायच्या आहेत, त्यांच्यापुरती बॅटरी पुन्हा जोडावी.

पहिली गोष्ट, गाडीच्या कपलरमधून आलेल्या बटणांच्या वायरी नव्या स्टिरिओला खरोखर जोडल्या आहेत का? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण फ्रेमबरोबर मिळणाऱ्या सोयीच्या कपलरमध्ये या वायरी पुष्कळदा मोकळ्याच सोडलेल्या असतात. दुकानात घाईने बसवताना आवाज आणि चित्र आले की काम संपते, आणि या दोन-तीन वायरी टेप गुंडाळून मागे ढकलून दिल्या जातात. निम्मीच बटणे चालत असतील तर ‘की २’ जोडलेली आहे का हे पाहावे. काही गाड्यांत फोनची बटणे दुसऱ्या वायरीवर असतात. टोयोटाच्या नकाशांत हे स्पष्ट दिसते: एसडब्ल्यू १ आणि एसडब्ल्यू २ या दोन वायरी, आणि त्यांचा अर्थ म्हणून एसडब्ल्यूजी ही तिसरी.

ही तिसरी वायर हाच सर्वांत मोठा सापळा आहे. जुन्या स्टिरिओमध्ये बटणांच्या अर्थला स्वतःची वेगळी पिन होती; नव्यात तशी जागा नसते, म्हणून ती वायर लोंबकळत राहते. परत जाण्याचा रस्ताच नसल्यामुळे बटण दाबून वायरीवरचा दाब काही उतरत नाही आणि स्टिरिओला काहीच घडल्याचे कळत नाही. एकही बटण चालत नाही या तक्रारीचे हे नेहमीचे कारण आहे. ही वायर स्टिरिओच्या काळ्या, म्हणजे अर्थच्या, वायरीला जोडली की बहुधा सगळे जागेवर येते. ती डॅशबोर्डमागच्या हाताला लागलेल्या कुठल्याही स्क्रूला बांधू नये. असे करू नये याचे कारण अर्थिंगच्या भागात सांगितले आहे.

बटणांच्या वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नये. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक बदलतात आणि अँड्रॉइड स्टिरिओचे रंग तर एकाच दुकानातल्या दोन खोक्यांत वेगळे निघतात. स्टिरिओवर चिकटवलेला नकाशा आणि मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारे यंत्र) यांवरच विसंबावे.

स्टिरिओ शिकवलेले विसरत असेल, तर पिवळी आणि लाल वायर तपासावी. पिवळ्या वायरीवर चावी काढून घेतल्यावरही १२ व्होल्ट असायला हवेत आणि लाल वायरीवर फक्त चावी फिरवल्यावर. या दोन्हींची अदलाबदल झाली असेल किंवा दोन्ही लालच्याच जागी जोडल्या असतील, तर चावी काढताच स्टिरिओची वीज पूर्ण तुटते आणि काही स्टिरिओ घड्याळापासून बटणांपर्यंत सगळे विसरतात. बटणे आणि घड्याळ दोन्ही रोज जात असतील, तर आणखी कुठे शोधू नये.

एका रेझिस्टरने दोष अर्धा करणे

दोष स्टिरिओत आहे की गाडीत, याचा निकाल लावणारी चाचणी काही रुपयांत होते आणि तरीही ती कोणी करत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानातून १ किलोओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर घ्यावा. गाडीकडच्या बटणांच्या वायरी स्टिरिओपासून सोडवाव्यात. स्टिरिओ सुरू करून शिकवणीचा पडदा उघडावा आणि रेझिस्टरचे एक टोक ‘की १’ला व दुसरे स्टिरिओच्या काळ्या वायरीला टेकवावे. पडद्यावर बटण दाबल्याची खूण उमटली, तर स्टिरिओ निर्दोष आहे आणि शोध गाडीच्या बाजूला घ्यायचा आहे. खूण उमटली नाही, तर सेटिंग तरी चुकीचे आहे किंवा स्टिरिओचा तो भागच गेलेला आहे, आणि गाडीच्या वायरी चाळून काही मिळणार नाही. ‘की २’ची चाचणीही अशीच करावी.

साध्या वायरीच्या तुकड्याऐवजी रेझिस्टरच का वापरायचा? चुकून १२ व्होल्टची वायर हाताला लागली, तर उघड्या तुकड्याने फ्यूज जाईल किंवा त्याहून वाईट काही घडेल. १ किलोओहममधून मात्र जेमतेम १२ मिलिअँपिअर वाहतात आणि नुकसान होत नाही.

मल्टिमीटरने गाडीची बाजू मोजणे

स्टिरिओ सोडवलेला असताना गाडीच्या बटणांची वायर आणि तिचा अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर २० किलोओहमच्या टप्प्यावर लावावा. ही मोजणी वीज नसलेल्या वायरीवरच करायची असते. व्होल्ट असतील तर आकडा खोटा येतो. दुसऱ्या कोणाला तरी आसनावर बसवून एकेक बटण दाबून धरायला सांगावे आणि येणारे आकडे बटणाच्या नावासह कागदावर लिहून घ्यावेत.

प्रत्येक बटणाचा आकडा वेगळा आणि स्थिर असायला हवा. बटण सोडल्यावर मीटरने एकतर वायर तुटल्यासारखी खूण दाखवावी किंवा नेहमी तोच एक मोठा आकडा. दोन बटणांचा आकडा सारखा येत असेल, तर स्टिरिओ त्यांत भेद करू शकत नाही यात त्याची चूक नाही. आकडा बोटाच्या जोराप्रमाणे बदलत असेल, तर बटणाखालची कार्बनची टिकली झिजली किंवा मळली आहे. चहा, घाम आणि समुद्रकाठची खारी हवा या तिन्हींचे ते काम असते. बटण न दाबताही आकडा हळूहळू सरकत असेल, तर कुठेतरी ओल शिरली आहे किंवा वायर चेपली गेली आहे, आणि आपोआप वाढणारा आवाज तिथूनच येतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून निघालेल्या गाडीत ओल कपलरमध्ये दडून राहते. कपलर सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा मोजावे.

शेवटी स्टीअरिंगचे कुलूप उघडण्यापुरती चावी फिरवून एक बटण दाबून ठेवावे आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरवावे. फिरवताना आकडा तुटला किंवा उडाला, तर दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये आहे.

मीटरच्या सुया कधीही पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरींना लावू नयेत. तो एअरबॅगचा मार्ग असतो आणि ओहम मोजताना मीटर सोडतो तो बारीकसा प्रवाहसुद्धा एअरबॅग उघडण्यास कारण ठरू शकतो.

अर्थिंग, आणि रात्री बिघडणारी बटणे

हेडलाइट लावले की चुकणाऱ्या बटणांपायी लोकांनी स्टिरिओ बदलून घेतलेले मला ठाऊक आहेत, आणि नव्या स्टिरिओतही तक्रार जशीच्या तशी राहिली होती. हेडलाइट लागताच बटणांमागचे दिवेही लागतात. पुष्कळदा या दिव्यांचा आणि बटणांचा अर्थ एकच असतो. त्या अर्थचा स्क्रू गंजला असेल किंवा जोड सैल असेल आणि तिथे समजा ०.३ ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तर दिव्यांच्या ०.२ अँपिअर प्रवाहामुळे ०.०६ व्होल्ट तिथे साचतात. इतकी क्षुल्लक रक्कम बटणांच्या खात्यात जमा झाल्याने काय बिघडते, असे वाटेल. पण स्टिरिओच्या लेखी दोन बटणांतला फरक कधी याहूनही कमी असतो.

तपासणी सोपी आहे. सर्व जोडलेले ठेवून, इग्निशन आणि हेडलाइट चालू करून, बटणांचा अर्थ आणि स्टिरिओची काळी वायर यांच्यामधले डीसी व्होल्ट मोजावेत. मीटरने दोन-चार मिलिव्होल्ट दाखवले तर ठीक. आकडा पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास किंवा वर जात असेल, तर अर्थचा स्क्रू सोडवून खालची जागा कागदी पॉलिशपेपरने धातू चमकेपर्यंत घासावी, स्क्रू घट्ट करावा आणि बटणांचा अर्थ व स्टिरिओचा अर्थ एकाच बिंदूवर आणावेत. दोन वेगळ्या स्क्रूंवरचे दोन अर्थ म्हणजे दोन वेगळ्या शून्यांपासून मोजणी सुरू करणे, आणि त्यातून आलेले आकडे जुळत नाहीत. पिळून टेप गुंडाळलेले जोडही इथेच सोडवून नीट सोल्डर करावेत व वर हीट श्रिंक नळी चढवावी. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत टेपचा गोंद वितळून सुटतो आणि वर्षभरात जोड उघडा पडतो.

अर्थ निर्दोष असूनही बटणे एकमेकांत मिसळत असतील, तर गाडीचे रेझिस्टर फार लहान किमतीचे असण्याची शक्यता असते. समजा एका बटणाचा आकडा २० ओहम आणि दुसऱ्याचा ८० ओहम आहे. स्टिरिओ ३.३ व्होल्टचा दाब आतल्या १० किलोओहममधून देत असेल, तर त्याला पहिले बटण सुमारे ७ मिलिव्होल्ट आणि दुसरे सुमारे २६ मिलिव्होल्ट असे दिसेल. हा भेद वायरीवरच्या बारीकसारीक चढउतारांत हरवतो. आतला रेझिस्टर १ किलोओहमचा असता, तर हेच आकडे सुमारे ६५ आणि २४४ मिलिव्होल्ट झाले असते आणि घोटाळा उरला नसता. काही अँड्रॉइड स्टिरिओंच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये आतल्या रेझिस्टरची किंमत निवडण्याची सोय असते. त्या सेटिंगचा संकेतांक विक्रेत्याकडून घ्यावा आणि त्या पडद्यावरचे दुसरे काहीही बदलू नये, कारण एका चुकीच्या पर्यायाने पडद्याचा स्पर्शही बंद पडू शकतो. अशी सोय नसेल, तर बाहेरून रेझिस्टर जोडून हेच साधता येते, पण ते सर्किट कळणाऱ्याकडूनच करवून घ्यावे.

कॅनवाली गाडी

इथे घरच्या घरी करण्यासारखे थोडेच असते. सेटिंगमध्ये कॅन बॉक्सची कंपनी आणि गाडीचे मॉडेल अचूक निवडले आहे का, ते पाहावे. बहुसंख्य तक्रारी इथेच मिटतात. मग बॉक्सचा कपलर घट्ट बसला आहे का, ते पाहावे. बॉक्स दुसऱ्याच मॉडेलचा निघाला, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला जाताना मूळ स्टिरिओच्या कपलरचा फोटो आणि गाडीचे वर्ष सोबत न्यावे, नाहीतर पुन्हा तोच बॉक्स हातात पडतो.

याच्या पुढे जाऊ नये. कॅनच्या दोन वायरींवर शांत अवस्थेत साधारण २.५ व्होल्ट असतात आणि त्याच वायरींवरून गाडीचे इतर भागही आपसांत बोलत असतात. तिथे टेस्ट लॅम्प लावणे, वायर सोलून जोड मारणे किंवा दोन्ही वायरी एकमेकींना टेकू देणे म्हणजे स्टिरिओची तक्रार डॅशबोर्डभर पसरवणे आहे.

कुठे थांबावे

एअरबॅगचा दिवा पेटलेला राहत असेल, वळणावर आकडा तुटत असेल किंवा बटणांची पट्टीच बदलायची असेल, तर काम अधिकृत वर्कशॉपचे आहे. बटणांपर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा एअरबॅग उतरवावी लागते. क्लॉक स्प्रिंग बसवताना ती बरोबर मध्यावर आणावी लागते. तसे न केल्यास चाक पहिल्यांदा पूर्ण वळवताच आतली पट्टी तुटते. आपल्या चेहऱ्यासमोर स्फोटक भरलेली वस्तू उघडण्याइतके कोणतेही गाणे महत्त्वाचे नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, वायरी तापत असतील किंवा गाडी आसनापर्यंत पाण्यात बुडून निघालेली असेल, तर बॅटरी सोडवून ठेवावी आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. गाडी वॉरंटीत असेल, तर कंपनीची एकही वायर कापू देऊ नये, कपलरला कपलर जोडणाऱ्याकडेच जावे.

कोणाकडेही जाताना बटणांच्या आकड्यांचा तो कागद, रेझिस्टरच्या चाचणीचा निकाल आणि तक्रार नेमकी केव्हा होते याची नोंद सोबत द्यावी. ‘बटणे चालत नाहीत’ एवढेच सांगितले, तर समोरचा माणूस पहिल्यापासून सुरुवात करील आणि त्या वेळेची मजुरी आपल्या बिलात लागेल.